चिक्की तुटते, ओटाची वडी वाकते

संक्रांत जवळ आली की बुलढाणा जिल्ह्यातल्या घराघरांत एक प्रयोग हटकून होतो. वाटीभर गार पाण्यात गुळाच्या पाकाचा थेंब टाकायचा आणि तो बोटांनी दाबून पाहायचा. थेंब पाण्यात पसरला तर पाक कच्चा. मऊ गोळी वळली तर लाडवाचा. गोळी ताटलीवर टाकल्यावर टणकन वाजली, तर चिक्कीचा. मुले हे दरवर्षी पाहतात, पण विज्ञानाच्या तासाला त्याची आठवण क्वचितच निघते. ती काढण्यासाठी आम्ही येथे एक परका पदार्थ शेजारी ठेवणार आहोत: ब्रिटनमधली ओटाची भाजलेली वडी. तिकडे तिला फ्लॅपजॅक म्हणतात. चिक्कीप्रमाणे तिच्यातही मुख्यतः दाणे आणि गोड पाकच असतो. मग चिक्की तुटते आणि ही वडी वाकते, असे का?

आधी ओटाविषयी थोडे. ओट म्हणजे सातू नव्हे. सातू म्हणजे बार्ली. आपल्याकडे रब्बीत दुभत्या जनावरांच्या हिरव्या चाऱ्यासाठी ओट पेरतात. दुकानात मिळणारे ओट हे त्याच धान्याचे पोहे. त्यांत स्निग्धांश बराच असतो व तो फोडणारे विकरही असते. म्हणून दाणे वाफवून मगच चपटे करतात, नाहीतर ते लवकर कडवट होतात. बाजरीचे पीठ चार दिवसांत कडू का होते, याचेही उत्तर हेच आहे. ओटात बीटा-ग्लुकान नावाचा चिकट तंतुमय पदार्थ असतो. तो पाणी धरून ठेवतो.

आता पाक. पाणी आटत जाते तसा पाकाचा उत्कलनबिंदू वाढतो. साखरेचा पाक समुद्रसपाटीला सुमारे 115 अंश सेल्सिअसला उकळू लागला, की त्यात शेकडा 85 च्या आसपास साखर असते; ही मऊ गोळी. 150 अंशांच्या जवळपास पाणी जेमतेम एक टक्का उरते. असा पाक निवला की रेणूंना रांगेत बसून स्फटिक होण्याची सवड मिळत नाही, ते आहेत तिथेच थिजतात. खिडकीची काच अशीच असते. चिक्की ही साखरेची काच आहे, म्हणून ती गरम असतानाच कापावी लागते.

आपल्या जिल्ह्यात येथे एक गंमत आहे. बुलढाणा गाव घाटावर, सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर. तेथे पाणी 98 अंशांच्या जरा खालीच उकळते. घाटाखाली मलकापूर-शेगावकडे ते 99 अंशांना उकळते. म्हणजे तापमापी लावून पाक केला, तर एकच आकडा दोन्हीकडे चालणार नाही. वाटीतला थेंब मात्र दोन्हीकडे खरेच सांगतो, कारण तो उष्णता नव्हे, पाकाचा घट्टपणा मोजतो.

ब्रिटिश वडीत साखरेबरोबर 'गोल्डन सिरप' घालतात. लंडनच्या लाइल यांच्या कारखान्यात 1880 च्या दशकात साखर शुद्ध करताना उरणाऱ्या द्रवापासून ते तयार झाले. त्यातल्या काही सुक्रोजचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज झालेले असते. हे परके रेणू मध्ये आल्याने सुक्रोजचे स्फटिक जमत नाहीत, आणि फ्रुक्टोज हवेतला ओलावा ओढते. आपल्या गुळात हे मिश्रण मुळातच असते. साखरेच्या पाकात लिंबू पिळण्यामागेही हेच कारण आहे. आमच्या मते सिरपच्या डब्यासाठी शहर धुंडाळण्याची गरज नाही.

आम्ही पुढील प्रमाण घेतले: ओटाचे पोहे 200 ग्रॅम, घरचे लोणी 100 ग्रॅम, किसलेला गूळ 120 ग्रॅम, चिमूटभर मीठ. लोणी आणि गूळ मंद आचेवर एकजीव होईपर्यंतच गरम करावे, उकळू नये. लोण्याऐवजी तूप घेतल्यास दोन चमचे पाणी घालावे. तुपात पाणी नसते, त्यामुळे गूळ विरघळत नाही. पोहे मिसळून मिश्रण तूप लावलेल्या थाळीत बोटभर जाड दाबून बसवावे. भट्टी असेल तर 170 अंशांवर वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात वाळू तापवून, वर तिवई ठेवून, झाकण घालून भाजावे. वेळ जास्त लागतो.

भट्टी 170 अंशांवर असली तरी थाळीचा मध्यभाग तेवढा तापत नाही. त्यातले पाणी वाफ होत असते, तोवर उष्णता त्या कामीच खर्ची पडते. कडा आधी कोरड्या होतात, म्हणून कडा कुरकुरीत आणि मध्य मऊ. कडा बदामी होताच थाळी काढली तर वडी वाकते, कारण पाणी शिल्लक आहे आणि लोण्याचा थर पोह्यांना एकमेकांवर सरकू देतो. आणखी दहा मिनिटे ठेवली, तर तीच वडी मोडू लागते.

वर्गात हे पाहायचे तर एकाच मिश्रणाच्या तीन लहान थाळ्या कराव्यात आणि दहा-दहा मिनिटांच्या अंतराने काढाव्यात. भाजण्यापूर्वी आणि निवल्यावर प्रत्येकीचे वजन करावे. घट म्हणजे जवळजवळ सगळे उडालेले पाणी. शेजारच्या रकान्यात 'वाकली' किंवा 'तुटली' एवढेच लिहावे. चौथी थाळी ज्वारीच्या पोह्यांची करावी. ज्वारीत बीटा-ग्लुकान अगदी थोडे, त्यामुळे तेवढ्याच गुळात ती भुगा होण्याचा संभव अधिक. तिला धरून ठेवायला गूळ किती वाढवावा लागतो, हे मुलांनीच ठरवावे.