गोवराची लस नऊ महिन्यांनीच का?

दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने आणि मग एकदम नऊ. बाळाच्या लसीकरण कार्डावरचे हे टप्पे पाहून आयांना हमखास प्रश्न पडतो: गोवर एवढा वाईट, तर त्याची लस जन्मल्या जन्मल्या का टोचत नाहीत? ‘कार्डावर तसंच आहे’ हे त्यावरचं नेहमीचं उत्तर. खरं कारण आईच्याच रक्तात आहे.

गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत आईची प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे भरभरून जातात. (मुदतीआधी जन्मलेल्यांच्या वाट्याला ती कमी येतात.) ही शिदोरी पहिले काही महिने पुरते. पण गोवराच्या लसीत दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो. तो अंगात थोडा वाढला, तरच बाळाचं शरीर त्याला ओळखायला शिकतं. आणि आईची प्रतिपिंडं त्याला वाढूच देत नाहीत. ती ओसरेपर्यंत फार थांबावं, तर खरा गोवर गाठण्याची भीती. अमेरिकेत गोवर विरळ, म्हणून तिथे पहिली लस वर्षाच्या बाळाला देतात. आपल्याला तेवढी उसंत नाही. ९ महिन्यांना टोचल्यावर शंभरातली साधारण ८५ बाळं सुरक्षित होतात. उरलेल्यांसाठी १६ ते २४ महिन्यांमधला दुसरा डोस असतो. आपलं बाळ त्या उरलेल्यांत आहे की नाही, हे वरून कळत नाही. तरीही ‘एक झाला ना, पुरे’ म्हणणारे सुशिक्षित पालक भेटतातच.

दीड महिन्याच्या पेंटाव्हॅलंटमध्ये (डांग्या खोकल्यासह पाच रोगांवरच्या लसीत) जिवंत जंतू नसतात, त्यामुळे आईच्या प्रतिपिंडांचा अडथळा तिथे कमी. अडचण वेगळी असते: तान्ह्या शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं लवकर उतरतात, म्हणून तीनदा टोचावं लागतं. डांग्या खोकला पहिल्या महिन्यांतच सर्वांत घातक असल्याने बाळ मोठं होण्याची वाट पाहणं परवडत नाही. कावीळ ‘ब’ची लस तर जन्मानंतर २४ तासांच्या आत, कारण जन्माच्या वेळी लागण झालेल्या दहांतल्या नऊ बाळांत हा विषाणू कायमचा ठाण मांडतो.

बीसीजीचं, म्हणजे क्षयाच्या लसीचं काम मात्र डोळ्यांना दिसतं. दोन-चार आठवड्यांनी डाव्या दंडावर बारीक गाठ येते, ती पिकते, फुटते, खपली धरते आणि वण राहतो. बाळाच्या पेशी कामाला लागल्याची ही खूण. घरची मंडळी घाबरून हळद नाहीतर मलम लावतात. काहीही लावू नये, शेकूही नये. आणि वण उमटला नाही, तरी पुन्हा टोचायची गरज नसते.