टायमिंग बेल्ट तुटतो तेव्हा

फळ्यावर काढलेल्या इंजिनाच्या आकृतीत दट्ट्या आणि झडपा यांच्यामध्ये ऐसपैस जागा दिसते. प्रत्यक्षात कित्येक मोटारींच्या इंजिनांत ती नसते. उघडलेली झडप जिथे उतरते, तिथेच दट्ट्याही वर येतो. फक्त दोघांच्या वेळा वेगळ्या.

या वेळा अनेक इंजिनांत एक दातेरी रबरी पट्टा सांभाळतो. तोच टायमिंग बेल्ट. १९६२ साली जर्मनीच्या ग्लास १००४ या मोटारीत तो आला. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एकच फेरी व्हावी, एवढेच त्याचे काम. मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या वेगात प्रत्येक झडप सेकंदाला किती वेळा उघडेल? २५ वेळा. (हे गणित वर्गात जरूर द्यावे.)

पट्टा तुटला की कॅमशाफ्ट थांबतो आणि काही झडपा उघड्याच राहतात. क्रँकशाफ्ट मात्र लगेच थांबत नाही. जडत्वामुळे, आणि गाडी गिअरमध्ये असल्यास चाकांच्या ओढीनेही, तो फिरत राहतो. दट्ट्या झडपांवर आदळून त्यांचे दांडे वाकवतो.

मग अशी रचना करतातच कशाला? दट्ट्याच्या माथ्यावर खोल खळगे ठेवले तर धडक टळते, पण संपीडन गुणोत्तर वाढवणे अवघड जाते. ते जास्त असले की तेवढ्याच इंधनातून अधिक काम मिळते. सौदा वाईट नाही. पण रबर उभ्या गाडीतही म्हातारे होते, आणि पट्टा पुष्कळदा सूचना न देताच तुटतो. म्हणूनच गाडीच्या पुस्तिकेत पट्टा बदलण्यासाठी बहुधा किलोमीटर आणि वर्षे असे दोन आकडे असतात. जो आधी गाठला जाईल, तो पाळायचा.