शुगरवर रात्रीचा पहारा

दवाखान्यात पेशंटजवळ रात्री कोण थांबतं? बहुधा आपणच. कधी लेक म्हणून, कधी सून, कधी बायको. म्हणून मैत्रिणींनो, आज थोडं शुगरच्या सेन्सरबद्दल.

मी २३ वर्षं नर्स आहे. वॉर्डात मधुमेही पेशंटची शुगर साधारण जेवणाआधी आणि झोपताना बोट टोचून बघतो. दिवसाचे चार आकडे. मधल्या वेळात काय चाललंय, ते कळत नाही. इन्शुलिन दिलं आणि जेवण दोनच घास गेलं, किंवा किडनी अधू असली, की शुगर उतरू शकते. जागेपणी घाम, थरथर जाणवते. झोपेत कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि जिवावर बेतू शकतं.

नाण्याएवढा सेन्सर दंडाच्या मागे चिकटवतात. त्याची बारीक तार कातडीखाली राहते, तिथल्या द्रवातली साखर सतत मोजते. आकडा फोनवर दिसतो. शुगर उतरली की काही सेन्सर गजरही देतात. २०२० मध्ये कोविडच्या काळात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दवाखान्यांत असे सेन्सर वापरायला मोकळीक दिली. नर्सना सारखं खोलीत जावं लागू नये, हा हेतू.

आमच्याकडे एका आजींना डॉक्टरांनी तो लावला होता. पहाटे तीनला नात धावत आली, "सिस्टर, फोन वाजतोय, ६१ दाखवतोय!" बोट टोचलं तर ५८. आजी घामाने भिजलेल्या, पण शुद्धीवर. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांनी ९२. गजर नसता तर पुढची तपासणी सकाळीच होती.

पण सेन्सर रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो. त्या कुशीवर झोपलं तर खोटा कमी आकडाही दाखवतो. म्हणून बोट टोचून खात्री हवीच. इन्शुलिनचा डोस आपल्या मनाने बदलू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, सिस्टरला हाक मारा. एमआरआयला नेताना सेन्सर आहे, हे आधी सांगा.

सेन्सरला काही हजार रुपये लागतात, सगळ्यांना कुठे परवडणार? तरी दोन गोष्टी फुकट आहेत. पेशंट किती जेवला, ते इन्शुलिनआधी सिस्टरला सांगा. आणि "पहाटे तीनला एकदा शुगर बघायची का?" असं डॉक्टरांना जरूर विचारा. संकोच करू नका.