नंबर नायगावचा, डेटा परदेशाचा

मोबाइलचा नंबर आणि त्या मोबाइलला मिळणारे इंटरनेट या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे मुंबईत राहून सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, कारण इथे एकच कंपनी एकाच रिचार्जमध्ये दोन्ही पुरवते आणि ग्राहकही त्यांना एकच समजून चालतो. विमान परदेशात उतरले की मात्र ही जोडी फुटते. बँकेचा ओटीपी, म्हणजे व्यवहाराच्या खातरजमेसाठी येणारा एकवेळचा सांकेतिक क्रमांक, भारतातल्या नंबरवरच येणार असतो. नकाशा, भाषांतर, टॅक्सी आणि घरच्यांशी होणारे व्हिडिओ कॉल यांना लागणारा डेटा मात्र तिथल्याच एखाद्या कंपनीच्या टॉवरवरून घ्यावा लागतो. ई-सिम, अर्थात फोनमध्ये कायम बसवलेल्या चिपवर उतरवून घेता येणारे सिम, हे या अडचणीवरचे आजचे बहुधा सर्वांत सोयीचे उत्तर आहे. परंतु तिची रचना न समजता, केवळ स्वस्त पडते म्हणून ती घेणाऱ्याची परक्या विमानतळावर फार मोठी गैरसोय होऊ शकते, आणि म्हणूनच ती रचना मुळापासून पाहणे आवश्यक ठरते.

दादर पूर्वेला लागून असलेल्या नायगावसारख्या वस्तीत हा प्रश्न आता मोजक्या सधन घरांपुरता राहिलेला नाही. गिरणी कामगारांची आणि पोलीस वसाहतीतली नातवंडे शिक्षणासाठी, नोकरीसाठी परदेशी गेली आहेत, मुलीच्या बाळंतपणासाठी आईवडील कित्येक महिने तिथे जाऊन राहतात, आणि १९८४ साली सुरू झालेल्या केसरी टूर्सपासून २०१३ च्या वीणा वर्ल्डपर्यंतच्या मराठी पर्यटन संस्थांनी परदेशाची सहल मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्यात आणली आहे. याच नायगावात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींपैकी ४२ चाळी होत्या. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस अशा एका चाळीत ८० खोल्या, आणि प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. अशा वस्त्यांत टेलिफोन एखाद्याच घरी किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात असे, आणि लग्नपत्रिकेवर किंवा ओळखपत्रावर शेजाऱ्याचा क्रमांक देऊन त्यापुढे ‘पी. पी.’ अशी अक्षरे छापली जात. तो क्रमांक माणसाचा नसून जागेचा होता, आणि फोन आला की ज्याच्यासाठी तो आला त्याला मजल्यावरून हाक मारून बोलवावे लागे. सिम कार्डाने क्रमांक जागेपासून सोडवून माणसाच्या खिशात आणला. ई-सिमने त्यापुढची पायरी गाठली आहे: क्रमांक माणसाकडे कायम ठेवून डेटाचा पुरवठादार देशागणिक बदलता येतो.

सिम ही मुळात ओळख पटवण्याची यंत्रणा आहे. जगातली पहिली सिम कार्डे १९९१ साली जर्मनीच्या गीझेके अँड डेव्ह्रिएंट या कंपनीने फिनलंडच्या रेडिओलिन्या या मोबाइल कंपनीसाठी तयार केली, आणि तेव्हापासून कार्डाचा आकार बँकेच्या कार्डाएवढा होता तो नखाएवढा झाला, तरी त्याचे काम बदललेले नाही. कार्डात दोन महत्त्वाच्या गोष्टी साठवलेल्या असतात. पहिली म्हणजे साधारणपणे पंधरा आकड्यांचा ग्राहक क्रमांक, जो आपल्या दहा आकडी मोबाइल नंबरपेक्षा वेगळा असतो आणि ज्याच्या सुरुवातीच्या तीन आकड्यांवरून देश कळतो. भारतासाठी ते ४०४ किंवा ४०५ आहेत. दुसरी म्हणजे एक गुप्त किल्ली, जी फक्त त्या कार्डाला आणि ते देणाऱ्या कंपनीला ठाऊक असते. फोन टॉवरशी जोडला जाताना कंपनी त्याच्याकडे एक यादृच्छिक, म्हणजे कोणत्याही क्रमाविना निवडलेला, आकडा पाठवते. कार्ड गुप्त किल्ली वापरून त्या आकड्याचे उत्तर काढते, कंपनीही आपल्याकडे तेच गणित करते, आणि दोन्ही उत्तरे जुळली की ग्राहकाची ओळख पटते. किल्ली स्वतः कधीही हवेतून पाठवली जात नाही, हे या व्यवस्थेचे खरे सामर्थ्य होय.

ई-सिममध्ये हीच माहिती कार्डावर छापून न देता ‘प्रोफाइल’ या नावाच्या कुलूपबंद फाइलच्या रूपाने इंटरनेटवरून पाठवली जाते. फोनच्या आतल्या चिपला कारखान्यातच ३२ आकड्यांचा एक ओळख क्रमांक मिळालेला असतो. प्रवासी जो क्यूआर कोड स्कॅन करतो त्यात सिम नसते. कोणत्या सर्व्हरवर जायचे आणि तिथे कोणता सांकेतिक शब्द सांगायचा, एवढाच मजकूर त्यात असतो. सर्व्हर आणि चिप परस्परांची प्रमाणपत्रे तपासतात आणि मग प्रोफाइल त्या एका चिपसाठी बंदिस्त होऊन उतरते. यातून व्यवहारातल्या दोन गोष्टी आपोआप निघतात. प्रोफाइल उतरवण्यासाठी आधी इंटरनेट लागते, म्हणून हे काम घरच्या वायफायवर उरकून निघणे शहाणपणाचे असते, कारण अनेक विमानतळांवरचे मोफत वायफाय चालू करण्यासाठीसुद्धा मोबाइलवर संदेश यावा लागतो. शिवाय असा कोड बहुधा एकदाच चालतो. चुकून प्रोफाइल काढून टाकले तर तोच कोड पुन्हा स्कॅन करून ते परत मिळत नाही.

मोबाइल कंपन्यांच्या जागतिक संघटनेने सर्वसामान्य ग्राहकांच्या उपकरणांसाठी या पद्धतीचे नियम २०१६ साली ठरवले, २०१८ मध्ये आयफोनच्या काही मॉडेलांत ती आली, आणि त्याच सुमारास भारतात एअरटेल व जिओ यांनीही ती स्वीकारली. आपल्या फोनमध्ये ही सोय आहे की नाही हे पाहण्यासाठी डायल पॅडवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असे दाबावे. येणाऱ्या यादीत ‘ईआयडी’ या नावाचा लांबलचक क्रमांक दिसला तर ई-सिमची चिप आहे, नसला तर नाही. स्वस्त फोनांमध्ये ती अजूनही अनेकदा नसते, आणि चीनच्या मुख्य भूमीवरून आणलेल्या बहुतेक आयफोनांतही ती नसते.

ई-सिम स्वस्त का पडते, हा प्रश्न रोमिंगच्या अर्थव्यवहाराकडे नेतो. रोमिंग म्हणजे आपल्या कंपनीचा ग्राहक दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवर पाहुणा म्हणून राहणे, आणि या पाहुणचाराचा घाऊक दर दोन कंपन्यांमधल्या कराराने ठरतो. या व्यवस्थेत डेटाचा मार्गही बहुधा मायदेशातून जातो. नायगावचा रहिवासी पॅरिसमध्ये भारतीय सिमच्या रोमिंगवर पॅरिसमधल्याच हॉटेलचा पत्ता शोधत असेल, तर त्याची विचारणा सामान्यतः आधी भारतातल्या त्याच्या कंपनीच्या यंत्रणेत येते आणि तिथून इंटरनेटवर जाते. हा प्रवास समुद्राखालच्या केबलींतून होतो, आणि त्यांतल्या काही वर्सोव्याच्या व नायगावपासून फार दूर नसलेल्या प्रभादेवीच्या किनाऱ्यावर लागतात. परदेशाशी होणारा संपर्क महाराष्ट्राच्या भूमीतून जाण्याची ही परंपरा जुनी आहे. ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने १८७० साली एडन आणि मुंबई यांना जोडणारी तारेची केबल टाकली, १९२७ साली इंग्लंडशी बिनतारी तारसेवा सुरू झाली तेव्हा संदेश खडकीहून जात आणि दौंडला उतरत, आणि १९७२ मध्ये नारायणगावजवळच्या आर्वी येथे उपग्रह संपर्काचे विक्रम भूकेंद्र उभे राहिले.

प्रवासासाठीची ई-सिम विकणारी कंपनी बहुतेकदा स्वतःचे टॉवर बाळगत नाही. ज्या देशातल्या मोबाइल कंपनीने अनेक देशांशी स्वस्त घाऊक करार केले आहेत, तिची प्रोफाइले विकत घेऊन ती ग्राहकाला विकते. त्यामुळे जपानमध्ये वापरायची ई-सिम प्रत्यक्षात हाँगकाँगच्या कंपनीची असू शकते, आणि प्रवासी टोकियोत उभा असला तरी काही संकेतस्थळे त्याला हाँगकाँगमधला समजू शकतात. यात बिघाड काहीच नाही, पण याच रचनेतून सर्वाधिक गोंधळ घालणारी एक गोष्ट निर्माण होते: प्रवासाची ई-सिम स्वतःच बहुधा रोमिंगवर असते, म्हणून तिच्यासाठी ‘डेटा रोमिंग’ हे बटण चालू ठेवावे लागते. ‘परदेशात डेटा रोमिंग बंद ठेवा, नाहीतर भलेमोठे बिल येईल’ असा सल्ला वर्षानुवर्षे ऐकलेला प्रवासी ते सगळीकडे बंद करतो आणि मग रेंज दिसूनही नेट का चालत नाही हे त्याला कळत नाही. तो सल्ला भारतीय सिमच्या लाइनपुरता आजही बरोबर आहे. प्रवासाच्या लाइनला तो लागू पडत नाही.

म्हणून फोनमधल्या दोन लाइनींची मांडणी हाच या विषयाचा गाभा ठरतो. भारतीय सिम फोनमध्येच राहू द्यावे, त्यावर कंपनीची आंतरराष्ट्रीय रोमिंग सेवा निघण्यापूर्वी चालू करून घ्यावी, त्या लाइनचा डेटा रोमिंग बंद ठेवावा, आणि मोबाइल डेटासाठी प्रवासाची लाइन निवडावी. असे केले की ओटीपीचा संदेश भारतीय नंबरवर येतो, आणि येणाऱ्या संदेशांना भारतीय कंपन्या रोमिंगमध्येही सामान्यतः पैसे लावत नाहीत. त्या नंबरवर आलेला कॉल उचलला तर मात्र पैसे पडू शकतात. दुहेरी सिमच्या अनेक फोनांत एका लाइनचा डेटा कमी पडला की दुसरीवर आपोआप जाण्याची सोय असते, तीही बंद करावी. व्हॉट्सॲपचा नंबर डेटाची लाइन बदलल्याने बदलत नाही, त्यामुळे घरच्यांना नवा क्रमांक कळवण्याची गरज पडत नाही. याउलट परदेशी कार्ड घालण्यासाठी भारतीय सिम काढून पाकिटात ठेवणाऱ्याचे ओटीपी थांबतात, आणि नोंदणीकृत सिम फोनमध्ये आहे का हे तपासणारी बँकेची व यूपीआयची ॲप्सही अडू शकतात. नंबर आणि डेटा यांना वेगळे करूनही दोन्ही एकाच वेळी जागते ठेवणे, हा ई-सिमचा लाभ दरातल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा आहे.

इथे एक सावधगिरी वेगळी नोंदवावी लागते. काही जण फोनमधली कार्डाची जागा मोकळी करण्यासाठी आपले भारतीय सिमच ई-सिममध्ये बदलून घेतात. सिम बदलल्यानंतर त्या नंबरवरची संदेशांची ये-जा २४ तास थांबवण्याचा आदेश दूरसंचार विभागाने २०२२ साली कंपन्यांना दिला, आणि फसवणूक रोखण्यासाठी तो योग्यच आहे. पण निघण्याच्या आदल्या संध्याकाळी हा बदल करणाऱ्याला ऐन प्रवासात ओटीपी मिळत नाही, म्हणून तो निदान आठवडाभर आधी करावा. फसवणूक करणारेही नेमका हाच मार्ग वापरतात. ग्राहक सेवेतून बोलतो असे सांगून ते ई-सिमची विनंती किंवा तिचा कोड ग्राहकाकडूनच मिळवतात, नंबर स्वतःच्या फोनवर उतरवतात आणि बँक खाते रिकामे करतात. फोनची रेंज अचानक गेली आणि आपण काहीही बदललेले नसेल, तर आधी बँकेला आणि १९३० या मदत क्रमांकाला कळवणे निकडीचे असते.

खरेदीपूर्वी विक्रेताही पारखावा लागतो. परदेशी सिम किंवा ई-सिम भारतात विकण्यासाठी दूरसंचार विभागाचे ना हरकत प्रमाणपत्र आवश्यक असते, आणि ते नसल्याच्या कारणावरून जानेवारी २०२४ मध्ये एअरालो व होलाफ्लाय या प्रसिद्ध कंपन्यांची ॲप्स भारतातल्या ॲपल आणि गूगलच्या ॲप-दुकानांतून हटवली गेली. पॅकवरची देशांची नावेही शब्दशः वाचावीत. युरोपीय संघाने जून २०१७ पासून आपल्या देशांमधले रोमिंगचे जादा शुल्क रद्द केले, पण स्वित्झर्लंड संघाबाहेर आहे आणि ब्रिटनही आता बाहेर पडला आहे, त्यामुळे मराठी सहलींचे हमखास मुक्काम असलेले ल्युसर्न आणि लंडन ‘युरोप’ नावाच्या प्रत्येक पॅकमध्ये असतीलच असे नाही. संयुक्त अरब अमिरातीत स्थानिक जाळ्यांवर व्हॉट्सॲपचे कॉल सहसा चालत नाहीत; दुबईला जाणाऱ्यांनी घरी बोलण्याची दुसरी सोय आधीच ठरवून ठेवावी.

ई-सिमची एक उणीव मात्र मान्यच करावी लागते, कारण विक्रेते तिचा उल्लेख फारसा करत नाहीत. फोन पडून बंद झाला तर कार्डाचे सिम काढून सोबत्याच्या फोनमध्ये घालता येते. ई-सिम मेलेल्या फोनमध्येच अडकून राहते. सत्तरीच्या जोडप्याकडे जुना फोन असेल, सोबत सहलीचा व्यवस्थापक असेल आणि प्रवास आठ-दहा दिवसांचा असेल, तर त्यांच्या भारतीय कंपनीचा रोमिंग पॅक थोडा महाग पडला तरी तोच अधिक योग्य आहे, कारण त्यात नवे काहीच शिकावे लागत नाही. मुलांकडे तीन-चार महिने राहायला जाणाऱ्यांसाठी ई-सिमचा विचार जरूर व्हावा, पण ती मुलाने परस्पर बसवून देऊन भागत नाही. बटणे कुठे आहेत हे ज्याच्या हातात फोन असणार त्याच्या बोटांना ठाऊक हवे, आणि ती सवय निघण्यापूर्वी घरातच एक-दोनदा करून घेता येते. बहुतेक फोनांत दोन लाइनींना हवी ती नावे देता येतात आणि ती देवनागरीतही लिहिता येतात. ‘प्राथमिक’ आणि ‘दुय्यम’ अशा कोरड्या शब्दांऐवजी तिथे ‘नायगाव’ आणि ‘प्रवास’ असे लिहिले, तर डेटा कोणत्या लाइनवर ठेवायचा आणि बँकेचा संदेश कोणत्या लाइनवर येणार, हे आजींना चष्मा लावून एका नजरेत वाचता येते.