न्यायालयात वस्तुस्थिती कशी ठरते?

कोणत्याही खटल्यात न्यायालयापुढे पहिला प्रश्न असतो तो प्रत्यक्षात घडले काय, हा. कायद्याचे कलम लावण्याचा भाग त्यानंतरचा. न्यायाधीश घटनास्थळी नव्हते, आणि जे होते त्यांच्या हकिकती एकमेकींशी जुळत नाहीत. अशा वेळी वस्तुस्थिती ठरविण्याचा अधिकार कोणाला द्यावा आणि कोणत्या पुराव्यावर विसंबावे, याचे उत्तर प्रत्येक देशाने आपल्या अनुभवातून शोधले आहे.

मध्ययुगीन युरोपात गंभीर गुन्हा सिद्ध होण्यासाठी दोन प्रत्यक्षदर्शी साक्षीदार किंवा आरोपीची कबुली आवश्यक मानली जाई. नियम वरकरणी आरोपीच्या हिताचा. परंतु दोन साक्षीदार क्वचितच मिळत. मग कबुलीच हवी, आणि ती मिळविण्यासाठी कायद्यानेच छळाला मान्यता दिली. फ्रान्सने राज्यक्रांतीच्या काळात पुराव्याचे हे ठरीव मोजमाप मोडीत काढले आणि निर्णय देणाऱ्याच्या अंतःकरणाला पटलेल्या खात्रीस महत्त्व दिले. आजही तेथे सर्वांत गंभीर गुन्ह्यांचा तपास न्यायाधीशाकडे असतो. आरोपीविरुद्धचा आणि त्याच्या बाजूचा, असा दोन्ही पुरावा गोळा करणे हे त्याचे कर्तव्य होय.

इंग्लंडची वाट निराळी. तेथे दोन्ही पक्ष आपापला पुरावा मांडतात, उलटतपासणीत तो पारखला जातो आणि गंभीर गुन्ह्यात वस्तुस्थितीचा निर्णय १२ सामान्य नागरिकांची ज्यूरी देते. ही पद्धत इंग्रजांबरोबर आपल्याकडेही आली. १९५९ साली मुंबईत ज्यूरीने नौदल अधिकारी नानावटी यांना ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष ठरविले. सत्र न्यायाधीशांना ते पटले नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले, तेथे जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. या एका खटल्याने ज्यूरी संपली असे सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे. तिचा वापर आधीपासूनच आटत चालला होता आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला स्थान उरले नाही.

कबुलीवर विसंबण्याचा धोका मात्र मध्ययुगाबरोबर संपला नाही. जपानमध्ये १९६६ साली एका कुटुंबातील चौघांच्या हत्येप्रकरणी माजी मुष्टियोद्धे इवाओ हाकामाता यांना अटक झाली. अनेक दिवसांच्या कठोर चौकशीनंतर त्यांनी कबुली दिली. न्यायालयात ती नाकारली. तरीही १९६८ मध्ये त्यांना मृत्युदंड सुनावण्यात आला. पुरावा तपास यंत्रणेनेच रचला होता, असे म्हणत न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले ते २०२४ मध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी! दरम्यान, २००९ पासून तेथे गंभीर खटल्यांत साधारणतः ३ न्यायाधीशांसोबत ६ नागरिक बसू लागले आणि २०१९ पासून अशा प्रकरणांतील आरोपींच्या चौकशीचे ध्वनिचित्रमुद्रण सक्तीचे झाले.

या बाबतीत आपला कायदा अधिक सावध आहे. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, हा १८७२ च्या पुरावा कायद्यातील नियम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. त्या माहितीवरून एखादी वस्तू हाती लागली, तर तेवढाच भाग ग्राह्य धरला जातो. साक्षीदारांची किमान संख्याही आपल्या कायद्याने ठरविलेली नाही. एका विश्वसनीय साक्षीवरदेखील गुन्हा शाबीत होऊ शकतो.

पण तो एकच साक्षीदार गावच्या दबावाखाली उलटला तर? अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या खटल्यांत ही भीती पुस्तकी नाही. म्हणूनच २०१५ च्या दुरुस्तीने त्या कायद्यात १५-अ हे कलम घातले. पीडित, त्यांचे आश्रित व साक्षीदार यांचे धाकदपटशापासून संरक्षण करणे हे आता राज्याचे कर्तव्य आहे. साक्षीदाराचे नाव व पत्ता गुप्त ठेवण्याची व्यवस्था विशेष न्यायालय करू शकते. त्यासाठी पीडित, फिर्यादी किंवा स्वतः साक्षीदार अर्ज करू शकतो.