'शिवणे' : सुईदोऱ्याचे आणि बिनसुईचे

समजा, तुम्ही मलकापूरच्या बाजारात शिंप्याच्या दुकानासमोर उभे आहात. आतून आवाज येतो, "शिवून झालं, घेऊन जा." शेजारच्या अंगणात मुले खेळत आहेत. त्यांतला एक ओरडतो, "शिवलो! आता तुझ्यावर राज्य!" शिंपी कपडा शिवतो, हे तुम्हांला समजते. पण हा मुलगा काय शिवला? त्याच्या हातात ना सुई, ना दोरा.

मराठीत 'शिवणे' ही दोन वेगवेगळी क्रियापदे आहेत. एकाचा अर्थ उर्दूतील 'सीना', दुसऱ्याचा 'छूना'. गंमत अशी, की हे दुसरे 'शिवणे' आणि तुमचे 'छूना' एकाच कुळातले आहेत. उर्दूतील 'छ'च्या जागी मराठीत पुष्कळदा 'स' किंवा 'श' येतो. छुरी-सुरी, मछली-मासळी, पूछना-पुसणे, छींकना-शिंकणे. अशा आणखी जोड्या तुम्हीच शोधून पाहा.

ही दोन क्रियापदे ओळखायची कशी? भूतकाळ पाहा. "शिंप्याने सदरा शिवला" यात 'ने' आहे. "सलीम रफिकला शिवला", "सलमा रफिकला शिवली" यांत 'ने' नाही. उर्दूत तुम्ही "सलीम ने रफ़ीक़ को छुआ" म्हणता. त्या सवयीने "सलीमने रफिकला शिवले" असे लिहाल, तर ते चुकेल.

रोजच्या बोलण्यात मात्र 'हात लावणे' अधिक चालते : "तव्याला हात लावू नकोस, भाजेल." आणि प्रत्येक 'छूना'चे 'शिवणे' होत नाही. वडीलधाऱ्यांचे पाँव छूना म्हणजे पाया पडणे. खामगावच्या बाजारात कापसाचे भाव वाढले, तर ते आकाशाला शिवत नाहीत, गगनाला भिडतात. चांगली गोष्टही मनाला भिडते. उलट, "आळस तिला शिवत नाही" हे मात्र अस्सल मराठी.

याच शब्दापासून 'शिवाशिवी' हा खेळ आला आणि 'शिवाशिव'ही आली. शिवाशिव म्हणजे छुआछूत. महाडच्या चवदार तळ्यावर गुरे पाणी पीत, पण अस्पृश्य मानलेल्या माणसांना त्या पाण्याला शिवण्याची बंदी होती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे हजारो अनुयायी ते पाणी प्यायले. तळे बाटले, असे म्हणून सनातन्यांनी नंतर ते 'शुद्ध' करून घेतले! २६ जानेवारी १९५० रोजी भारताचे संविधान लागू झाले. त्याच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि ती पाळणे गुन्हा ठरवले.

"मला शिवू नकोस" हे वाक्य खेळाच्या मैदानावर ऐकले, तर ऐकणारा हसतो आणि आणखी जोराने धावतो. दलित लेखकांच्या आत्मकथनात ते वाचाल, तेव्हा कोण कोणाला ते म्हणत आहे, हे आधी पाहा.