बसचे वेळापत्रक आणि शोधनोंदी
तिकीटविक्रीवरून प्रवाशांची गरज कळते, हा समज अर्धाच खरा आहे. तिकीट निघते ते धावलेल्या गाडीचेच. दुकानाच्या गल्ल्यावरून विक्री कळते, ‘आहे का?’ विचारून रिकाम्या हाती परतलेले गिऱ्हाईक कळत नाही. बसचे असे गिऱ्हाईक दिसते ते शोधनोंदींत (कुठून, कुठे, किती वाजता जायचे, याची ॲपवर केलेली विचारणा). अमेरिकेतील पोर्टलंडमध्ये बसप्रवास शोधण्याची गूगलची सोय 2005 मध्येच सुरू झाली. शेवटची बस रात्री दहाला सुटते आणि साडेदहाचा शोध रोज येतो, तर फट उघड आहे. मात्र एक शोध म्हणजे एक प्रवासी नव्हे. घाईतला माणूस पाचदा विचारतो, साध्या फोनवाल्या आजी एकदाही नाही. म्हणून या नोंदी थांब्यावरच्या मोजणीशी ताडून पाहाव्या लागतात. कित्येकदा नवी गाडी लागतही नाही, पुढे जोडणारी बस थोडी उशिरा सोडली तरी भागते.